खर्ज सांभाळणारी माणसं

परवा मुरबाडजवळच्या एका गावी हळदीला गेलो होतो. आमच्या शहापूर-मुरबाडकडे लग्नापेक्षा हळदच मोठी, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. अंगणात कपाटाएवढे खोके एकावर एक रचलेले. त्यांतून निघणाऱ्या दणक्यांनी मांडवाची कापडं थरथरत होती आणि ओटीवरच्या म्हाताऱ्यांनी छातीवर हात धरले होते. दहाच्या ठोक्याला डीजेवाल्याने बटण बंद केलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची ही कृपा. शेजारच्याच खुर्चीवर पोलीस पाटील बसले होते, त्यांचीही.

एकदम शांत झालं, तेव्हा मांडवाच्या मागच्या बाजूने दोन पोरांचा वाद ऐकू आला. एक कल्याणला कॉलेजात जाणारा, दुसरा आसनगावहून रोज लोकल पकडून मुंबईला नोकरीला जाणारा. मला वाटलं, ग्रामपंचायतीचं काही असेल. पण विषय होता रॉक संगीतातल्या बेस गिटारवाल्यांचा! त्यांत खरा थोर कोण, आणि लोकांनी उगाच डोक्यावर चढवून ठेवलेला कोण.

बेस गिटार म्हणजे चार तारांची, नेहमीच्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलणारी गिटार. अमेरिकेत लिओ फेंडरने १९५१ साली ती बाजारात आणली आणि रुळवली. त्याआधी हे काम माणसापेक्षा उंच असलेलं, उभ्याने वाजवायचं डबल बेस करत असे. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा थरथरते. आपल्या भाषेत सांगायचं तर हा खर्ज. ड्रमचा ठेका आणि गाण्याचा सूर यांची गाठ मारून द्यायची, आणि गाठ दिसू द्यायची नाही, हे बेसवाल्याचं काम.

वाद रंगला तसे ओटीवरून एक बुवा उठून आले. गावच्या भजनी मंडळात सारी हयात पखवाज वाजवलेले. "काय रं, कोण वाजवतो, दाखवा तरी," म्हणाले. पोराने मोबाईलवर गाणं लावलं. बुवांनी कान लावला आणि मान हलवली, "गाणारा ऐकू येतो. तुमचा तो मानूस कुठं हाय?"

बुवांचं काही चुकलं नव्हतं. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला एवढा खालचा सूर काढताच येत नाही. आपला कानही खालच्या सुरांना जरा मंदच असतो. शहापूरकरांना हे समजायला सोपं जावं. मुंबईत नळ सोडला की पाणी येतं. ते भातसा-तानसाचं, आपल्या तालुक्यातलं, हे किती जणांच्या डोक्यात येतं? तानसा तर १८९२ पासून पाणी पुरवतोय. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट बघतात. असो, विषय बेसचा आहे.

कॉलेजवाल्याचा देव फ्ली. रेड हॉट चिली पेपर्सचा हा वादक अंगठ्याने तारा ठोकतो, मंचभर उड्या मारतो. नोकरीवाला म्हणाला, "हा सगळा देखावा आहे." मला ते पटलं नाही. फ्लीचा हात पक्का आहे. उड्या थांबवून तो संथ गाण्यात शिरतो, तेव्हा ते कळतं. पण त्याला बघून गिटार हाती घेतलेले बरेच जण फक्त उड्या शिकले, हेही खरं. डोक्यावर चढवलेल्यांत पहिला नंबर द्यायचा तर सिड व्हिशस आहेच. १९७७ साली तो सेक्स पिस्टल्समध्ये आला तो अवतारासाठी. त्यांच्या गाजलेल्या रेकॉर्डवरचा बहुतेक बेस त्यांच्याच गिटारवाल्याने, स्टीव्ह जोन्सने वाजवला आहे. तरी आजही पोरांच्या बनियनवर फोटो असतो तो सिडचा.

उलट द हूचा जॉन एंटविसल बघा. बाजूला एक जण गिटार फोडतोय, दुसरा ड्रमची मोडतोड करतोय आणि हा खांबासारखा उभा. फक्त बोटं चालताहेत. १९६५ साली ‘माय जनरेशन’मध्ये त्याने बेसचे एकट्याचे तुकडे वाजवले, तेव्हा हे वाद्य पुढेही येऊ शकतं, हे लोकांना कळलं. पॉल मॅकार्टनीची गोष्ट निराळी. बीटल्सचा आधीचा बेसवाला १९६१ साली सोडून गेला, दुसरं कोणी ते काम घेईना, म्हणून ते पॉलच्या गळ्यात पडलं. गाण्याच्या खालून दुसरं गाणं कसं चालवावं, हे पुढे त्यानेच शिकवलं. १९६९ सालचं ‘समथिंग’ नुसत्या बेससाठी ऐकून बघा. त्याच्या गाण्यांचं कौतुक इतकं होतं की त्याच्या बेसचं अजून पुरेसं झालेलं नाही, असं मला वाटतं.

माझी कसोटी साधी आहे. वादकाला गाण्यातून काढून टाका आणि मग ऐका. मेटॅलिकाने हा प्रयोग नकळत करून दाखवला. त्यांचा क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ सालच्या रेकॉर्डवर त्याचा आवाज इतका दाबला की तो जवळजवळ ऐकूच येत नाही. गाणी उत्तम, पण मसाला असून मीठ नसलेल्या रश्श्यासारखी. प्रिन्सने मात्र १९८४ साली ‘व्हेन डव्ह्ज क्राय’मधून बेस मुद्दाम काढला आणि गाणं अप्रतिम झालं. एवढी रिकामी जागा सोडायला छाती लागते. तिची नक्कल करू नये.

आपल्याकडे नावं कोणी विचारली? राहुल देव बर्मनच्या वाद्यवृंदात बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचे सूर घराघरांत वाजले, पण नाव किती जणांना ठाऊक? मुंबईच्या पेंटाग्राम बँडचा बेसवाला पापल माने. आडनाव घरचं, तरी मराठी घरांत ते कोणी घेताना मी ऐकलेलं नाही.

शेवटी कॉलेजवाल्याने मोठे हेडफोन आणून बुवांच्या टोपीवरून चढवले आणि मार्व्हिन गेचं १९७१ सालचं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ लावलं. बेसवर जेम्स जेमरसन. तसा हा रॉकचा नव्हे, डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा. पण मॅकार्टनीसारखे लोक त्याचं ऋण मानतात. साठीच्या दशकातल्या त्या कंपनीच्या कितीतरी गाण्यांखाली याचं एकच बोट चाललंय, आणि रेकॉर्डवर नाव मात्र छापलं जात नसे. ते छापलं गेलं या १९७१ च्या रेकॉर्डवर. त्या दिवशी तो इतका प्यालेला होता की जमिनीवर उताणा पडून त्याने हे वाजवलं, असं सांगतात. १९८३ मध्ये तो गेला. रॉकवाल्यांच्या मानाच्या यादीत त्याचं नाव आलं ते २००० साली.

बुवांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचा डावा तळवा बाकड्याच्या कडेवर हलू लागला. पखवाजाचा उजवा हात बोल काढतो, लोक माना डोलावतात त्या उजव्यावर. डावा खाली घुमतो. त्या घुमण्यासाठी डाव्या पुडीला वाजवण्यापूर्वी भिजवलेली कणीक थापावी लागते. कमी पडली तर आवाज पत्र्यासारखा, जास्त झाली तर घसा बसल्यासारखा. सप्ताहात रात्रभर पखवाज वाजतो तेव्हा कणीक सुकते, पुन्हा लावावी लागते. हरिनाम सप्ताहाला बसणाऱ्या कोणालाही विचारा, नुसता उजवा पळवणारा पखवाजी आणि डावा सांभाळणारा पखवाजी यांतला कोण हवा. हा वाद आमच्या गावांत रॉकच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

मघाचे ते कपाटाएवढे खोकेही बेसच ओतत होते. पण त्यात माणूस कुठे होता? खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात, भिंतींना दाद देत नाहीत. पलीकडच्या पाड्यावर गाणं पोचत नाही, नुसता दणका पोचतो. वयाच्या अठराव्या वर्षी दर लग्नसराईत छातीवर हेच घेतलेल्या कानाला पुढे जेमरसन कसा ऐकू यायचा, याची मला काळजी वाटते. या दोघांना येतो, हे नशीब.

बुवांनी हेडफोन उतरवले. "ह्यो डाव्या हाताचा मानूस," म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "ह्याला कणीक लावत न्हाईत?"

पोरं हसली. पण नोकरीवाल्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "कणीक नाही बुवा. पण हा माणूस तारा बदलायचाच नाही. तुटली तरच नवी. मळ साचू द्यायचा, म्हणजे आवाज गोल राहतो म्हणून."

"मंग बरोबर," बुवा म्हणाले, आणि जेवणाची पंगत बसली का ते बघायला निघाले.