शिक्षणाची सक्ती नेमकी कोणावर?

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत उरकते. त्या ओळीमागे सव्वाशे वर्षांहून जुना वाद आहे. खर्च कोणी सोसायचा आणि सक्ती कोणावर करायची?

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिले. सारा शेतकऱ्याने भरायचा आणि त्यातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालायचे, ही त्यांची तक्रार होती. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी. इंग्रज सरकारने ती मनावर घेतली नाही. करून दाखवले ते संस्थानिकांनी. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्ती सुरू केली आणि १९०६ मध्ये ती सगळ्या बडोदा राज्याला लागू केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये असेच विधेयक केंद्रीय विधिमंडळात आणले. ते अगदी सावध, टप्प्याटप्प्याने सक्ती आणणारे होते. तरीही पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. कोल्हापुरात मात्र १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कायदाच केला. फी माफ, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड.

त्या काळची सक्ती अशी पालकावर होती. गुरांमागे किंवा मजुरीला जाणारे पोर वर्गात यायचे तर आईबापांना धाक हवा, हा त्यामागचा हिशेब.

संविधानाच्या कलम ४५ ने हा भार राज्यावर टाकला. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले. ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने १९६० मध्ये मुदत उलटून गेली तरी कोणाला कोर्टात जाता आले नाही. कोंडी फुटली ती न्यायालयातच, आणि तीही कॅपिटेशन फीच्या खटल्यांतून. कर्नाटकातील मेडिकल प्रवेशाबद्दलच्या मोहिनी जैन खटल्यात १९९२ मध्ये शिक्षण हा हक्क ठरला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने त्याला चौदा वर्षांची मर्यादा घातली. त्यापुढचे शिक्षण राज्याच्या ऐपतीप्रमाणे. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने कलम २१क आले आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला.

या कायद्याने सक्तीची दिशाच उलटवली. पालकाचे कर्तव्य त्यात नमूद आहे, दंड मात्र नाही. मूल दाखल होईल, रोज येईल आणि आठवीपर्यंत शिकेल हे पाहण्याची सक्ती सरकारवर आहे.

आणि तिथूनच पळवाटांचा शोध सुरू झाला. या कायद्याने खासगी शाळांत वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वैध ठरवल्या. २०१४ मध्ये मात्र अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा कायद्याबाहेर गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित खासगी शाळेला या जागांतून सूट मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला.

शंभर वर्षांपूर्वी दंडाचा धाक पालकाला होता. आज कर्तव्य चुकवणाऱ्या सरकारला तसा धाक नाही. त्याला अडवायचे तर पालकांनाच कोर्टाची पायरी चढावी लागते. शिवाय हा हक्क चौदाव्या वर्षी संपतो. दहावीची परीक्षा बहुतेक मुले त्यानंतर देतात, म्हणजे ज्या प्रमाणपत्रावर पुढची वाट ठरते, ते आजही या हमीच्या बाहेर आहे.