सर्वांत लहान दिवस, पण सूर्यास्त सर्वांत लवकर नाही!

२१ किंवा २२ डिसेंबर हा आपल्याकडचा वर्षातला सर्वांत लहान दिवस. मुंबईत जेमतेम ११ तासांचा. पण मुंबईत सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस आणि सर्वांत उशिरा उगवतो जानेवारीच्या मध्यावर! पृथ्वीचा कललेला अक्ष आणि लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे या काळात सूर्याची मध्यान्ह घड्याळात रोज काही सेकंदांनी पुढे सरकते, म्हणून हा फरक. मला तर ही आकाशातली सर्वांत सुंदर गंमत वाटते.

उत्तरायणही खरं या सर्वांत लहान दिवशीच सुरू होतं. उत्तरायणाशी जोडलेली मकरसंक्रांत मात्र पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डुलण्यामुळे (परांचन गतीमुळे) सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकत १४-१५ जानेवारीवर आली आहे.

यंदा या सर्वांत लहान दिवशी अंगणात काठी उभी करून मध्यान्हीची सावली नक्की मोजा. वर्षातल्या मध्यान्हीच्या सावल्यांत सर्वांत लांब तीच.