‘दोन गट’ म्हणण्याआधी वस्तीत जा!

आकाशवाणी जिल्ह्याजिल्ह्यांत अंशकालीन वार्ताहर नेमते. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या माणसाची कारकीर्द कशी असते? ना कायम नोकरी, ना पेन्शन. करारावर नेमणूक, ठरलेले मानधन आणि काम मात्र अष्टौप्रहर. वसमतची हळद, कळमनुरीतला अवकाळी पाऊस, सेनगावात मंत्र्यांचा दौरा, सारे त्यानेच कळवायचे. प्रादेशिक बातमीपत्रात त्याच्या वाट्याला येतात जेमतेम दोन ओळी.

पण त्या दोन ओळी कोणाच्या? आपल्याकडे पत्रकारितेची जुनीच खोड आहे. बौद्ध वस्तीवर हल्ला होतो आणि बातमी होते, ‘दोन गटांत हाणामारी’! मारणारा आणि मार खाणारा एका शब्दात सारखे ठरतात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्यास वर्षानुवर्षे मनाई राहिली. म्हणजे रेडिओवर बातमीचा शब्द एकच, आकाशवाणीचा.

म्हणूनच तो शब्द महत्त्वाचा. 1990 च्या प्रसार भारती कायद्याचे कलम 12 वाचा. सामाजिक न्यायाला चालना देणे आणि अस्पृश्यतेसारख्या दुष्ट प्रथांशी लढणे हे उद्दिष्ट त्यात स्पष्ट लिहिले आहे. 3 ऑक्टोबर 1954 रोजी बाबासाहेबांनी याच आकाशवाणीवरून देशाला सांगितले, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली.

तेव्हा वार्ताहराची जागा निघाली की आपल्या पदवीधर मुलामुलींनी अर्ज केलाच पाहिजे. मानधन थोडे आहे, पण माईक मोठा आहे. आणि आज जो कोणी त्या जागेवर असेल, त्याने ‘दोन गट’ लिहिण्याआधी एकदा वस्तीत जाऊन यावे!