आधी मरण, मग लढाई

सहावीच्या वर्गाची सहल घेऊन किकलीला गेलेल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : ‘वाई तालुक्यातल्या या गावात भैरवनाथाच्या देवळाजवळचे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, मुलांना दाखवले. चित्रं तर सगळ्यांनाच कळतात. मग एकाही मुलाला गोष्ट का सांगता आली नाही?’

मुलांचं काही चुकलं नाही. ‘चित्रं सगळ्यांनाच कळतात’ हे मात्र तपासून घ्यायला हवं. जाहिरातवाल्यांपासून इमोजीच्या भक्तांपर्यंत सगळे ते छातीठोकपणे सांगतात. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातले नील कोन हे आकलनाचं मानसशास्त्र अभ्यासणारे संशोधक मात्र वर्षानुवर्षं या समजुतीच्या मागे लागले आहेत. कॉमिक्स नेमकी कुणाला कळतात, या एकाच प्रश्नावर त्यांनी २०२० साली अख्खं पुस्तक लिहिलं.

त्यांचा २०१२ मधला प्रयोग मला फार आवडतो. भाषेच्या अभ्यासकांना १९८० पासून ठाऊक होतं की ‘मी चहात साखर आणि चप्पल घातली’ असं वाक्य वाचताना ‘चप्पल’पाशी मेंदू अडखळतो, आणि ती ठेच साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरींत उमटते. कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पीनट्स’ या कॉमिकच्या चित्रपट्ट्या घेतल्या आणि त्यांत मुद्दाम मोडतोड केली. काही पट्ट्यांत चौकटींचा विषय एकच ठेवला, पण गोष्टीची बांधणी काढून टाकली. काहींत बांधणी राखली, पण चौकटींचा एकमेकींशी अर्थाने संबंध ठेवला नाही. काही पार विस्कटून टाकल्या. विस्कटलेल्या पट्टीला मेंदू वाक्यासारखाच अडखळला. गंमत पुढेच आहे. अर्थहीन पण बांधणी असलेली पट्टी आणि निव्वळ गोंधळ, यांच्यात अर्थाची ठेच सारखीच होती, तरी मेंदूच्या डाव्या पुढच्या बाजूच्या नोंदींत दोन्हींत फरक दिसला. म्हणजे चित्रमालिकेला अर्थापलीकडे स्वतःचं असं काही व्याकरण असतं. आणि व्याकरण आलं की ते अंगवळणी पडावं लागतं. ज्यांचा कॉमिक्सचा सराव जास्त, त्यांच्या मेंदूचा प्रतिसादही वेगळा मिळतो.

आता किकलीच्या दगडाकडे वळू. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. शाळेत वरून खाली वाचायला शिकलेलं पोर इथेच फसतं. त्यातही एक खोच आहे. अनेक वीरगळांवर सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाई कोरल्या असतील तर तो गोधन राखताना पडला असं समजायचं. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई. म्हणजे आधी मरण, मग ते कसं आलं ते. त्याच्याही वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गाला नेताहेत आणि शेवटी तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य : आचंद्रसूर्य कीर्ती. सिनेमावाल्यांनी फ्लॅशबॅकचं कौतुक स्वतःकडे घेतलं, पण आपल्या पाथरवटांनी तो मध्ययुगातच दगडात कोरून ठेवला होता. त्यांतल्या बहुतेकांची नावंही उरली नाहीत.

दुसरी अडचण अधिक खोलातली आहे. आडवा पडलेला, लढणारा, स्वर्गाला जाणारा आणि पूजा करणारा, हे चौघे एकच आहेत हे दगड सांगत नाही. ते बघणाऱ्याने गृहीत धरायचं असतं. सत्तरच्या दशकात नेपाळच्या खेड्यांत युनिसेफसाठी चित्रांची चाचणी घेतली, तेव्हा चित्रमालिकेची सवय नसलेल्या अनेकांना ओळीने काढलेला तोच माणूस वेगवेगळी माणसं वाटला. ते लोक अडाणी होते असं मुळीच नाही. कोन यांनी असे कितीतरी अभ्यास एकत्र आणून दाखवलं की ‘तो हाच’ हे ओळखणंसुद्धा चित्रं पाहूनपाहूनच येतं. आरोग्य खात्याचं पोस्टर छापणाऱ्यांनी भिंतीवर चिकटवण्याआधी ते चार बायाबापड्यांना दाखवून अर्थ विचारावा, तो यासाठी.

वीरगळांचा अभ्यास करणाऱ्यांत गुंथर सोनथायमर हे जर्मन संशोधक विसरून चालणार नाही. धनगर आणि खंडोबा यांच्यामागे महाराष्ट्रभर हिंडलेल्या या माणसाने एस. शेट्टर यांच्यासोबत १९८२ मध्ये स्मृतिशिळांवरचा ग्रंथ संपादित केला. कोन यांच्यासारख्यांची प्रयोगशाळा आणि सोनथायमरांची पायपीट यांची गाठ अजून कुणी घालून द्यायला हवी. सातारा-सांगलीतल्या एखाद्या महाविद्यालयाने किकलीतच हा प्रयोग करावा : मुलांना आधी नुसता दगड दाखवायचा, मग ‘खालून वर, आणि माणूस एकच’ एवढंच सांगून पुन्हा दाखवायचा.

तोवर एक विनंती. देवळाच्या जीर्णोद्धारात वीरगळ निघाला तर तो पायरीला किंवा भिंतीत आडवा बसवू नका, त्यावर ऑइलपेंट फासू नका. उघड्यावर, सरळ उभा ठेवा, आणि शेजारच्या पाटीवर कुठून वाचायचा तेवढं लिहा.