पहिली शर्यत : वेगापेक्षा संयम मोलाचा

पावसाळा सरून हवेत किंचित गारवा आला, की गोव्यात धावण्याच्या शर्यतींचे वेध लागतात. झुआरीच्या परिसरात होणारी गोवा रिव्हर मॅरेथॉन ही त्यांतील सुपरिचित. अशा शर्यतीत प्रथमच उतरणाऱ्याच्या पायांइतकीच त्याच्या संयमाचीही कसोटी लागते.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर, तर अर्धमॅरेथॉनचे त्याच्या निम्मे. नवोदिताने ५ किंवा १० किलोमीटरची शर्यत निवडणे श्रेयस्कर. छातीवर लावायचा क्रमांक, अर्थात बिब, मोठ्या शर्यतींत बहुधा आदल्या दिवशी मिळतो. त्याच्या मागे वेळ नोंदवणारी चिप असल्यास धावपटूने आरंभरेषा ओलांडल्याची नेमकी वेळ तिच्या साहाय्याने नोंदली जाते. त्यामुळे पुढच्या रांगेत घुसण्याची धडपड निरर्थक ठरते.

खरा मोह त्यानंतर सुरू होतो. ढोलताशे, गर्दी आणि उत्साह यांमुळे पहिला किलोमीटर सहज वाटतो आणि नवखा धावपटू सरावापेक्षा वेगाने धावू लागतो. वेग जितका अधिक, तितका स्नायूंत साठलेल्या शर्करेचा व्यय जलद होतो. त्याची किंमत उत्तरार्धात मोजावी लागते. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग योग्य आहे, असे समजावे.

किनारपट्टीवर आणखी एका गोष्टीचे भान हवे. घाम नुसता आल्याने नव्हे, तर तो वाळल्याने शरीर थंड होते. दमट हवेत तो वाळण्याऐवजी ओघळतो आणि शरीराचे तापमान वाढत जाते. म्हणूनच शर्यती पहाटे सुरू होतात. वातानुकूलित व्यायामशाळेतील सराव येथे अपुरा पडतो. काही आठवडे उघड्यावर धावून शरीराला या हवेची सवय लावणे आवश्यक असते.

वाटेतील केंद्रांवर तहानेनुसार घोट घोट पाणी प्यावे. भीतीपोटी अतोनात पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते आणि तेही जिवावर बेतू शकते. पाणी पिण्यासाठी थांबायचे असल्यास मागून येणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला व्हावे. नवे बूट, नवा आहार यांचे प्रयोग शर्यतीच्या दिवशी करू नयेत.

छातीत दुखणे, भोवळ, उन्हातही अंगावर काटा येणे किंवा बोलण्यात असंबद्धता जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी नोंदणीपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अंतिम रेषेपाशी एकदम थांबू नये. पायांत रक्त साचून चक्कर येऊ शकते. काही मिनिटे चालत राहावे.

शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा त्यांचा क्रमांक एकोणिसावा होता. पदक मिळाले नाही. तरीही शतकानंतर त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पहिल्या शर्यतीत उतरणाऱ्यानेही क्रमांकाची चिंता सोडावी. दुसऱ्या शर्यतीची ओढ मनात घेऊन सुखरूप घरी परतणे, हेच पहिल्या शर्यतीचे यश.