पूर्वतयारीचा दिवस
ज्यू धर्मीयांत शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतिदिन) किंवा सण यांच्या आदला दिवस. हिब्रू भाषेत त्यास ‘एरेव्ह’ (संध्याकाळ) म्हणतात. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो; त्यामुळे शुक्रवारी सूर्यास्ताबरोबर शब्बाथ लागतो व शनिवारी रात्री तारे दिसू लागल्यावर संपतो. मिश्ना या धर्मसंहितेत शब्बाथला निषिद्ध अशी ३९ प्रकारची कामे सांगितली आहेत. अग्नी पेटविणे व अन्न शिजविणे ही त्यांतीलच असल्याने सर्व सिद्धता सूर्यास्तापूर्वी करावी लागते.

या प्रथेचे मूळ बायबलच्या ‘निर्गम’ या ग्रंथात (अध्याय १६) आढळते. अरण्यात इस्राएली लोकांना ‘मान्ना’ हे अन्न रोज मिळे, मात्र उरलेले नासे. सहाव्या दिवशी ते दुप्पट मिळे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टिके. त्याच्या स्मरणार्थ शब्बाथच्या भोजनात दोन पाव ठेवतात. शुक्रवारी घर झाडून, स्नान करून दिवे सूर्यास्तापूर्वी लावतात. शनिवारचे अन्न झाकून मंद आचेवर ठेवतात.

सणांच्या दिवशी, प्रायश्चित्तदिन वगळता, त्या दिवसापुरता स्वयंपाक करता येतो; पुढील दिवसासाठी मात्र नाही. सण शुक्रवारी आल्यास आदल्या दिवशीच थोडे शिजविलेले अन्न व पाव बाजूला काढून शब्बाथच्या स्वयंपाकाचा प्रारंभ झाला असे मानतात. वल्हांडण सणाच्या आदल्या रात्री घरातील खमीरयुक्त पदार्थ दिव्याच्या उजेडात शोधून सकाळी जाळतात.

रोमन राज्यातही या दिवसास मान्यता होती. शब्बाथला, तसेच आदल्या दिवशी नवव्या तासानंतर (दुपारी सु. ३ वाजल्यानंतर) ज्यूंना न्यायालयात हजर राहण्याची सक्ती करू नये, अशी ऑगस्टसची आज्ञा जोसीफस या इतिहासकाराने नमूद केली आहे. येशूला क्रूसावर दिले तो दिवस चारही शुभवर्तमानांत ‘पारास्केवे’ (तयारी) या ग्रीक शब्दाने निर्दिष्ट आहे. मार्क त्याचा अर्थ शब्बाथच्या आदला दिवस असा देतो. योहान त्यास वल्हांडणाच्या तयारीचा दिवस म्हणतो. त्यामुळे क्रूसारोहण वल्हांडणाच्या आदल्या दिवशी झाले की सणाच्याच दिवशी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आधुनिक ग्रीकमध्ये शुक्रवारचे नाव हाच शब्द आहे.

कोकणातील बेने इस्राएल तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत; त्यावरून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. हिब्रू धर्मग्रंथांशी दीर्घकाळ संपर्क नसतानाही विश्रांतिदिनाची ही मर्यादा त्यांनी सांभाळली.