फिर्यादीचा पहिला श्रोता

धार जिल्ह्याच्या सरदारपूर तहसिलीत, राजगढ गावालगत वसलेले मोहनखेडा हे श्वेतांबर जैनांचे प्रख्यात तीर्थ होय. 'अभिधान राजेंद्र' या प्राकृत शब्दांच्या विशाल कोशाचे कर्ते आचार्य राजेंद्रसूरी यांची समाधी तेथे असून पौष शुद्ध सप्तमीला दूरदूरचे यात्रेकरू तिच्या दर्शनास येतात. या तीर्थाच्या सभोवारचा मुलूख भिल्ल आदिवासींचा आहे, आणि त्यांतील कित्येक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेची वाट धरतात. अशा फळियांतील, म्हणजे वाड्यांतील, किंवा यात्रेत आलेल्या एखाद्या कुटुंबातील, मुलीवर लैंगिक अत्याचार झाला तर ती प्रथम कोणापाशी बोलेल आणि ऐकणारा तिला काय उत्तर देईल, यावर पुढचा सारा इन्साफ अवलंबून असतो.

या पहिल्या उत्तराचे मोल मराठी मुलखातील एका खटल्याने देशाला शिकविले. तेव्हाच्या चंद्रपूर व आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे, २६ मार्च १९७२ च्या रात्री, घरच्यांच्या एका तक्रारीवरून जबानीसाठी बोलावलेल्या अनाथ आदिवासी मुलीवर, जिचे वय वैद्यकीय तपासणीत १४ ते १६ वर्षांचे ठरले, पोलीस ठाण्याच्या आवारातच अत्याचार झाल्याची फिर्याद दाखल झाली. सत्र न्यायालयाने आरोपी शिपायांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत या कारणास प्राधान्य देऊन, त्यांना पुन्हा मुक्त केले. जेथे रक्षणाची अपेक्षा करावी तेथेच भयाने गोठलेल्या मुलीच्या मौनाला संमती समजण्यात आले, हे त्या निकालातील खरे शल्य होते. ते ओळखून उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधिज्ञ अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितले की न्यायालयाने तसे गृहीत धरावे, आणि पीडितेची ओळख कोणी प्रसिद्ध करू नये, हे दोन नियम तेव्हाचे. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने, शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हेही स्पष्ट केले.

आज सरदारपूरच्या ठाण्यात वा धारच्या जिल्हा रुग्णालयात पाऊल ठेवणाऱ्या स्त्रीला कायद्याने दिलेले हक्क थोडे नाहीत. त्यांची माहिती मात्र थोडक्यांनाच आहे. गुन्हा कोणत्याही इलाख्यात घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावीच लागते. तिची जबानी स्त्री अधिकाऱ्यानेच घ्यावयाची असते. आणि नोंदणी नाकारणारा अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार केले पाहिजेत. फिर्यादीची नक्कल आधी आणा, असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. तपासणी तिच्या संमतीनेच व्हावी, आणि कौमार्य पाहण्याच्या नावाखाली चालत आलेली अपमानकारक बोटांची चाचणी करणे हे गैरवर्तन होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा टाळणाऱ्या गोळ्याही जितक्या लवकर मिळतील तितक्या अधिक गुणकारी; म्हणून उपचाराची घाई पुराव्याहूनही मोठी आहे. शक्य तर स्नान न करता जावे, अंगावरचे कपडे कागदात गुंडाळून न्यावे; पण स्नान झाले असले, दिवस उलटले असले, तरीही जावे. जिल्ह्याजिल्ह्यांतील 'सखी' केंद्रांत निवारा, समुपदेशन व वकील एकाच छताखाली मिळावेत, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून नुकसानभरपाई मिळावी, अशी योजना आहे.

परंतु कलमे माणसाच्या मुखातून बोलतात. मध्यप्रदेशातील १८० पोलीस ठाण्यांच्या एका अभ्यासात, ज्या ठाण्यांत स्त्रियांसाठी स्वतंत्र मदत-कक्ष उघडले तेथे, विशेषतः कक्षाची सूत्रे स्त्री अधिकाऱ्यांकडे असताना, स्त्रियांच्या फिर्यादी अधिक नोंदल्या गेल्या. नोंद वाढली म्हणून गुन्हे वाढले असे समजून घाबरणारा समाज पीडितेला पुन्हा घरात कोंडतो. वस्तुतः ती वाढ विश्वासाची असते.

प्रतिबंधाचा विचारही येथूनच सुरू व्हावा. बलात्काराच्या नोंदलेल्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. नातलग, शेजारी, मुकादम, विवाहाचे वचन देणारा तरुण. म्हणून मुलीने अंधारात जाऊ नये एवढा उपदेश अपुरा आहे. नकार म्हणजे नकार हे मुलाला घरात शिकविले पाहिजे. नकोसा स्पर्श कोणाचाही असो, तो सांगितल्याबद्दल आपल्याला रागे भरणार नाहीत, ही खात्री लेकराला मिळाली पाहिजे. आणि मजुरांच्या टोळीबरोबर जाणाऱ्या मुलींचा मुक्काम कोठे व कोणाच्या भरवशावर, हे ग्रामपंचायतीने विचारले पाहिजे. अठरा वर्षांखालील बालकावरील अत्याचाराची माहिती असून ती न कळविणे हा २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने गुन्हाच आहे; गावपंचांनी पैसे घेऊन प्रकरण मिटविणे हा न्याय नव्हे.

राहता राहिला तो पहिला श्रोता, आणि तो आई, शिक्षिका, आशा कार्यकर्ती, धर्मशाळेचा व्यवस्थापक किंवा आपणच असू शकतो. 'तू तेथे गेलीसच का' हा प्रश्न त्याने जन्मात विचारू नये. 'तुझा दोष नाही, मी तुझ्याबरोबर आहे' एवढे आधी सांगावे. तिला काय हवे ते विचारावे. तिच्या इच्छेने रुग्णालयात सोबत जावे. १८१, ११२, आणि बालकांसाठी १०९८ हे मदतीचे दूरध्वनी क्रमांक जवळ असावेत. आणि तिचे नाव गावभर करू नये. खटला वर्षे चालेल, साक्षी-पुरावे होतील, निकाल कदाचित मनाविरुद्धही लागेल. तरी त्या पहिल्या माणसाने विश्वास ठेवला असेल, तर ती एकटी उरत नाही, आणि उद्याच्या दुसऱ्या मुलीला बोलण्याचे बळ मिळते.